कुलूप घातलेली भिंत

पट्टीबाईच्या दुकानातून मार न खाता शिकून गेलेला एकही साइट-सुपरवायझर या रस्त्यावर सापडायचा नाही. मार म्हणजे हाडं मोडणारा नव्हे. बाईच्या उजव्या हातात माउस, डाव्या हातात फूटभर लांबीची स्टीलची पट्टी, आणि समोरचा चुकला की त्याच्या पंजाच्या उलट्या बाजूवर सपकन एक. पुढचे चार घास तोंडापर्यंत नेताना आठवण राहायची.

दुकान केवढं, तर एका शटरचं. दोन कॉम्प्युटर, भिंतीला लागून मोठे नकाशे छापायचा माणूसभर लांबीचा प्लॉटर, कोपऱ्यात कागदाच्या गुंडाळ्या, मागं पडद्याआड बाईची खाट आणि शेगडी. घरांचे नकाशे काढून छापून द्यायचे, हा धंदा. पण हल्ली घराचा नकाशा जो तो स्वतःच काढायला बसतो. सॉफ्टवेअर उतरवून घेतो, आठवडाभर भिंती ओढतो आणि अडला की लॅपटॉप काखेत मारून बाईच्या दारात हजर.

"बाई, रेघ मारली पण दिसत नाही."

"तुला दिसत नाही, की तिथं नाहीच? आधी ते ठरव." सपकन. "लेयर बंद आहे मेल्या. तो दिवा बघ, विझलाय. पेटव."

बाई समजावून सांगायची ते असं: नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. एका काचेवर भिंती, दुसरीवर दारं, तिसरीवर आकडे. त्या काचांनाच लेयर म्हणायचं. काच काढून ठेवली तर रेघ दिसत नाही, काचेला कुलूप घातलं तर दिसते पण हात लावू देत नाही.

दुसऱ्याच्या खोलीत फरशीची नक्षी भरत नसे. "भरेल कशी? खोली गळतेय तुझी. कोपऱ्यात जा. मोठं कर. अजून मोठं कर. दिसलं भोक? दोन भिंती टेकल्याच नाहीत. वरवर टेकल्यासारख्या दिसतात, तू नि तुझा सासरा फोटोत दिसता तशा." तिसऱ्यानं फुटाच्या जागी मिलिमीटर धरून अख्खा बंगला काडेपेटीएवढा काढलेला असे. "यात मुंगी भाड्यानं ठेवणारेस का रे?" चौथ्याचं मशीन धापा टाकत असे. बाई आत डोकावून बघायची आणि पट्टी टेबलावर आपटायची. "सोफा, टीव्ही, कुंड्या, झाडं, वर अंगणात मोटार! घर बांधायच्या आधी संसार मांडलास? सगळं बाहेर फेक. भिंती तेवढ्या ठेव."

हे शिकवणं बाईला बापाकडून आलेलं. बाप नकाशे काढणारा होता, ड्रॉइंग बोर्डावर, शाईनं. त्याच्या हातात सरळ रेघा मारायचा लाकडाचा टी-स्क्वेअर असायचा. शाईचा ठिपका पडला की तो बोटांवर बसायचा. बाईची डाव्या हाताची करंगळी अजून बाहेरच्या अंगाला पळते, ती एका स्वयंपाकघराच्या नकाशापायी. बाप म्हणायचा, कागदावर चुकलेलं वितळत नाही, ते विटांत उभं राहतं. पोरीला ते पटलं आणि माराचंही पटलं. तिनं कधी तक्रार केली नाही आणि पुन्हा कधी चूकही केली नाही. पुढं लग्न झालं. नवऱ्यानं एकदाच हात उगारला. बाईच्या हातात तेव्हा कंपास होता, त्याचं टोक त्याच्या तळहातातून आरपार गेलं. नवरा दवाखान्यात गेला आणि तिथूनच परस्पर गेला तो गेलाच. कुणी खोदून विचारलं तर बाई म्हणायची, "मध्य धरून वर्तुळ काढणार होते, तर मध्यच पळाला."

अशा बाईच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. तिची सगळी पत त्यावरच उभी होती. मारायचा हक्कसुद्धा.

याच रस्त्याच्या टोकाला दोघा भावांचं घर आहे. थोरला वेल्डर, धाकटा फरश्या बसवणारा. बाप गेल्यावर घर दोघांत वाटायचं ठरलं आणि त्या दिवसापासून घरात रक्त सांडू लागलं. वेल्डरचा पुढचा दात फरशीवाल्याच्या कोपरानं गेला. फरशीवाल्याच्या कानाची पाळी वेल्डरच्या हातातल्या कड्यानं फाटली. वेल्डरची बायको असल्याच हाणामाऱ्यांना विटून आधीच काडीमोड घेऊन गेली होती, त्यामुळे मध्ये पडायला उरली एकटी धाकटी, म्हणजे फरशीवाल्याची बायको. तिनं दोघांमध्ये पडून दोघांचाही मार खाल्ला आणि शेवटी निकाल लावला. आतलं घर रुंदीला सव्वीस फूट. मधोमध भिंत घालायची. तेरा तुमचे, तेरा आमचे.

आता नकाशा कुणी काढायचा? वेल्डर म्हणाला, गवंडी तुझा दोस्त. फरशीवाला म्हणाला, इंजिनिअर तुझा गिऱ्हाईक. धाकटी नवऱ्याच्या कामासाठी लॅपटॉपवर न्हाणीघरांचे नकाशे काढून गिऱ्हाइकांना दाखवायची, घराचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर तिला येत होतं. ती म्हणाली, मी काढते, दोघांनी दोन बाजूंना बसून बघा. काढला. तेरा-तेरा आकडे पडले. मग वेल्डर म्हणाला, "आता या भिंतीला कुलूप घाल. माझ्यासमोर."

"म्हणजे?"

"ते असतं ना तुमच्यात, हात लावता येत नाही असं? ते घाल. उद्या तुझ्या नवऱ्यानं तुला रात्री गोंजारलं नि रेघ इकडं सरकली तर?"

धाकटीनं दात आवळून भिंतीचा लेयर निवडला आणि कुलपाच्या चित्रावर टिचकी मारली. मग फाइल पेनड्राइव्हवर घेतली. वेल्डर स्वतः सोबत आला, पट्टीबाईकडे छापायला, आणि धाकटीला त्यानं शटरबाहेरच उभं केलं.

त्या दुपारी दुकानात जे घडलं ते कुणाच्या लक्षात राहावं असं नव्हतं. बाईच्या कानाला फोन होता, पलीकडे एक कंत्राटदार, आणि बाई त्याच्या खानदानाचा उद्धार करत होती. तोंड तिकडं, हात इकडं. पडद्यावर नकाशा उघडला, कागदाची चौकट लावली, तर डाव्या अंगाचा जिना चौकटीबाहेर पडला.

"बाई, माझा जिना छाटला जातोय," वेल्डर म्हणाला. डावी बाजू त्याची होती.

"सरकवते उजवीकडे दोन फूट. थांब, कुलूप आहे वाटतं भिंतीला. काढते."

"कुलूप काढायचं नाही!" वेल्डर टेबलावर मूठ आपटून ओरडला. "ते माझ्या डोळ्यांदेखत लागलंय. कुणाच्या बापानं काढायचं नाही."

"नाही काढत, बोंबलू नकोस. तुला नाही रे, फोनवर बोलतेय... हां, तूही बोंबलू नकोस!"

बाईनं अख्खं घर निवडलं आणि दोन फूट उजवीकडे ढकललं. जिना चौकटीत आला. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ उमटली, की निवडलेल्यांतल्या काही वस्तू कुलूपबंद लेयरवर आहेत. ती ओळ कुणी वाचत नसतं. एरवी पट्टीबाई वाचायची, आणि न वाचणाऱ्याच्या पंजावर पट्टी बसायची. त्या क्षणी ती कंत्राटदाराला सांगत होती, की तुझे पाय मोडून तुझ्याच खड्ड्यात पुरीन.

घर सरकलं. भिंत जागची हलली नाही. आणि सॉफ्टवेअर इमानी. घर सरकताच त्यानं तेरा पुसून डावीकडे अकरा केले, उजवीकडे पंधरा.

वेल्डरनं जिना बघितला, आपला जिना पुरा आला म्हणून खूष झाला. कागदाची घडी त्यानं खिशात घातली, धाकटीला उघडूसुद्धा दिली नाही आणि थेट गवंड्याच्या हातात नेऊन ठेवली. गवंड्यानं आकडे वाचून दोरी ताणली. भिंतीचं एक टोक मागच्या खिडकीच्या पोटात शिरतंय हे त्याला दिसलं होतं. पण या दोन भावांना प्रश्न विचारणं म्हणजे आपल्या हातानं आपले दात मोजायला देणं, हे तो जाणून होता. "प्लॅन म्हणजे प्लॅन," तो म्हणाला आणि विटा रचल्या.

भिंत छातीएवढी झाली तेव्हा वेल्डरनं आपल्या खोलीसाठी लोखंडी पलंग बनवला. स्वतःच्या हातानं, तेरा फुटांच्या हिशेबानं: पलंग, शेजारी कपाट, मधून जायला वाट. आत आणून ठेवला तर कपाटाला जागा नाही. आधी वाटलं आपलंच माप चुकलं. मग फितीनं खोली मोजली. पुन्हा मोजली. गवंड्याच्या पिशवीतून नकाशा ओढून काढला आणि आकडे वाचले.

फरशीवाला त्या वेळी पलीकडे उकिडवा बसून फरश्या लावून बघत होता. वेल्डरनं पलंगाचा एक पाइप उपसला आणि अर्ध्या भिंतीवरून वाकून त्याच्या टाळक्यात घातला.

आवाज असा झाला की गवंड्याच्या हातातली थापी पडली. फरशीवाला पुढं कोसळला, त्याच्या रक्तानं तीन फरश्या भरल्या. वेल्डर भिंत ओलांडून आला आणि पडलेल्याच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. "दोन फूट! सख्ख्या भावाचे दोन फूट खातोस? तुला दिसले नाहीत का रे जास्तीचे?"

"दिसले," फरशीवाला रक्त थुंकत म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, तूच सोडलेस. दादानं सोडले असतील, तोंडानं बोलणार नाही, असं वाटलं. म्हणून मीही बोललो नाही."

वेल्डरची लाथ हवेतच अडली. भावाला मारायचा राग भावानंच काढून घेतला होता, आणि राग तर अंगात तसाच उकळत होता. त्याला दुसरं कुणीतरी हवं होतं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून धाकटी ओल्या हातांनी धावत आली.

"हिनंच केलं," वेल्डर म्हणाला. "नकाशा कुणी काढला? हिनं. आपल्या दोघांनाही गंडवलं बघ हिनं."

फरशीवाल्यानं डोळ्यांवरचं रक्त पुसून बायकोकडे बघितलं. दोन फुटांची भावाची माया त्यानं इतके दिवस उराशी धरली होती, ती खोटी निघाली होती. तो उठला, धडपडला आणि बायकोच्या थोबाडीत अशी मारली की ती भिंतीवर जाऊन आदळली आणि तिचा ओठ दातांत फाटला.

"का केलंस?"

"मी नाही केलं."

"का केलंस बोल!"

"तेरा-तेरा लिहिलं होतं. तुम्ही दोघं बसला होतात!"

वेल्डरनं आतून तिचा लॅपटॉप आणला, गवंड्याचा हातोडा घेतला आणि पाट्यावरच्या लसणासारखा तो ठेचला. काचा उडाल्या, बटणं उडाली. मग तो शांतपणे म्हणाला, "कबूल कर आणि चालती हो. कबूल केलंस तर दोन पायांवर जाशील."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. गंमत अशी, की चोर कुणी नव्हताच.

धाकटी मागच्या दारानं निघाली ती पट्टीबाईच्या दुकानात येऊन थडकली. ओठातून रक्त, एक डोळा मिटत चाललेला. "मावशी, लॅपटॉप ठेचला त्यांनी. माझी फाइल तुमच्याकडे आहे ना? उघडा. मी तेरा लिहिले होते की नाही ते मला बघू द्या. मलाच आता खात्री वाटेना."

बाईनं फाइल उघडली. अकरा आणि पंधरा. धाकटीनं ते आकडे बघितले आणि खुर्चीत बसकण मारली. "म्हणजे मीच केलं? झोपेत केलं का मी?"

पट्टीबाई पडद्याकडे बघत राहिली. भिंतीच्या लेयरवर कुलूप होतं. घर चौकटीच्या बरोब्बर आत बसलं होतं. बाईला तेवढं पुरलं. तिला ती दुपार, तो फोन आणि तळाची न वाचलेली ओळ आठवली.

लॅपटॉप ठेचला गेला होता. हे दोन आकडे बघून खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस रस्त्यावर होतं, ती स्वतः. गप्प बसली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. उद्या सुपरवायझर आले असते, पंजे पुढं केले असते, पट्टी चालली असती.

"बघते मी," बाई म्हणाली. "तू पडद्यामागं जा, तोंड धू."

धाकटी उठते तोच दोघं भाऊ दारात. फरशीवाल्याच्या डोक्याला फडकं गुंडाळलेलं, वेल्डरच्या हातात तोच पाइप. मघाशी एकमेकांचा जीव घेणारे आता खांद्याला खांदा लावून उभे होते. चोर बायकोला ठरवलं की भावांचं लगेच जुळतं.

"इथं लपलीस होय?" फरशीवाल्यानं तिचे केस मुठीत धरले. "चल. दादासमोर कबूल कर आणि मिटव. नको ती ब्याद."

"अहो, मी नाही..."

त्यानं हिसडा दिला. धाकटीचं डोकं प्लॉटरच्या लोखंडी कडेवर आपटलं. ती खाली बसली तरी केस त्याच्या मुठीतच होते. तो तिला दाराकडे ओढू लागला. तिचे पाय कागदाच्या गुंडाळ्यांत अडकले, गुंडाळ्या गडगडत रस्त्यावर गेल्या. समोरच्या दुकानांतून माणसं बाहेर आली आणि जिथल्या तिथं थांबली. असल्या भांडणात माणसं नेहमी थांबतातच, पुढं कुणी येत नाही.

"सोड तिला," पट्टीबाई म्हणाली.

"बाई, घरचा मामला आहे."

"घरचा नाही, माझा आहे. भिंत मी सरकवली."

मूठ सुटली नाही, पण ओढायची थांबली.

"इकडं या दोघं. बघा." बाईनं माउस धरला. "फाइल जपून ठेवली की मशीन आधीची एक नक्कल बाजूला टाकतं. ही ती नक्कल. छापायच्या आधीची. वाचता येतं ना? वाच मोठ्यानं."

"तेरा," वेल्डर म्हणाला. "आणि तेरा."

"आता बघ. जिना छाटला जातोय, होय ना? कुणाचा जिना?"

वेल्डर पडद्याजवळ वाकला.

"आता मी घर उजवीकडे सरकवते. कुलूप तसंच ठेवून. बघ आकड्यांकडे."

तिनं घर ढकललं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेराचे अकरा झाले आणि तेराचे पंधरा. भिंत जिथल्या तिथं उभी.

"कुलूप घातलेलं हलत नाही," बाई म्हणाली. "घर हललं. पोरीनं नकाशा बरोबर काढला होता. मी इथं बसून बिघडवला, आणि तळाशी मशीन सांगत होतं ते वाचलं नाही. माझं चुकलं."

रस्त्यावरच्या माणसांतून एक सुपरवायझर पुढं सरकला होता, त्यानं ते ऐकलं. नंतर कित्येक दिवस तो शपथ घेऊन सांगायचा, की शब्द बाहेर पडताना बाईचं तोंड वाकडं झालं, दाढ उपटल्यासारखं.

वेल्डरला पटलं. पटलं म्हणूनच त्याचं डोकं फिरलं. भावाचं टाळकं फोडून झालं होतं, लॅपटॉप ठेचून झाला होता, आणि आता कळत होतं की हे सगळं फुकट गेलं. त्यानं पाइप उचलला. बाईनं बघितला, पण माउसवरचा हात काढला नाही. पाइप मनगटावर बसला. माउसच्या ठिकऱ्या उडाल्या, हाडाचा सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच. "हा माझा," ती म्हणाली. "मी खाल्ला. आता तुझा घे."

आणि डाव्या हातातली पट्टी तिनं आडवी, धारेच्या अंगानं, वेल्डरच्या गालावर ओढली. कानापासून ओठापर्यंत गाल उघडला. वेल्डरनं पाइप टाकून दोन्ही हात तोंडावर धरले.

"कुलूप काढू नका म्हणून टेबल कुणी बडवलं? माझा जिना, माझा जिना म्हणून कोण ओरडलं? कागद पोरीला उघडू का दिला नाहीस? उघडला असता तर तिथंच दिसलं असतं. भिंतीचं कुलूप भिंतीला नव्हतं रे, तुझ्या टाळक्याला होतं."

वेल्डर बोटांमधून रक्त गाळत खुर्चीत बसला. बाई फरशीवाल्याकडे वळली. तो दोन पावलं मागं सरला.

"मावशी, थांबा," धाकटी म्हणाली. "हा माझ्या वाट्याचा आहे."

ती प्लॉटरला धरून उठली. नवऱ्यासमोर गेली. तो काहीतरी समजुतीचं बोलणार होता, 'अगं मला काय माहीत' असं काहीतरी. तिनं त्याच्या डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याकडे बघितलं, भावानं फोडलेल्या जागेकडे. तिथं मारलं नाही. पुरती मागं झुकली आणि उघड्या पंजानं त्याच्या तोंडावर अशी ठेवून दिली की तो कागदाच्या ढिगात जाऊन बसला.

"दादानं सोडले असतील, हे सुचलं तुला," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती त्याला प्रथमच अरेतुरे करत होती. "त्यानं टाळकं फोडलं तरी सुचलं. माझ्याबद्दल असं काही चांगलं सुचलं नाही? एकदा विचारायचंस तरी. विचारून मग मारायचंस."

"चुकलं गं," तो म्हणाला. "चल घरी. भिंत पाडू. तेरा-तेरा करू परत."

"तेरा त्यांचे. तेरा तुझे." ती थांबली. फुटलेला ओठ तिनं पदरानं टिपला. "त्यात माझे किती?"

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. सव्वीस फुटांवरून ज्यांनी दात पाडले, कान फाडले, त्यांनी हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

भिंत त्याच आठवड्यात पडली. दोघांनी मिळून पाडली, वेल्डरच्या गालात टाके, फरशीवाल्याच्या डोक्यात टाके. गवंडी सांगतो, की घणाचे घाव घालताना दोघं एकमेकांना शिव्या देत होते आणि मध्येच हसतही होते. विटा बाहेर ढीग करून पडल्या आहेत. नवीन भिंत अजून उभी नाही, कारण नवा नकाशा नाही, आणि नकाशा काढणारी त्या घरात नाही.

ती पट्टीबाईकडे राहते. त्या दिवशी सगळे पांगल्यावर तिनं राहू का म्हणून विचारलंही नव्हतं. "तुमच्यामुळं गेलं घर," एवढंच म्हणाली आणि पडद्यामागं जाऊन आडवी झाली. बाईनं खाट तिला सोडली आणि स्वतः खाली पसरली. मनगट प्लास्टरमध्ये होतं, दुसऱ्या दिवसापासून माउस धाकटीनं धरला. बाई शेजारी बसून ओरडते, धाकटी करते. एकदा बाईनं ओरडता ओरडता सवयीनं हात उगारला. धाकटीनं मान न वळवता सांगितलं, "मावशी, तेवढं नाही हं." हात तसाच खाली आला. गिऱ्हाइकांना वाटलं, आता बाई निवली. तसं काही नाही. आता ती शिव्यांवर भागवते आणि शिव्या पहिल्यापेक्षा वाईट झाल्या आहेत.

फरशीवाला रोज येतो. कधी नवा लॅपटॉप घेऊन, कधी रिकाम्या हातानं. आत यायची परवानगी नाही, म्हणून शटरच्या रेघेबाहेर उभा राहतो.

परवा त्यानं सांगून बघितलं, "दादा म्हणाला, तिला हवी तशी काढू दे भिंत. आडवी काढू दे, तिरपी काढू दे, आम्ही बघणारसुद्धा नाही."

धाकटी एका म्हाताऱ्याचा नकाशा नीट करत होती. त्याच्या घरातली सगळी दारं एका टिचकीसरशी उलटी उघडायला लागली होती आणि तो घाबरून गेला होता. तिनं आधी त्याला समजावलं, की ही सगळी दारं एकाच साच्यातली आहेत, एक बदललं की सगळी बदलतात, एकच बदलायचं तर ते साच्यातून सुटं करावं लागतं. म्हातारा समजला. मग तिनं दाराकडे बघितलं.

"आणि मी काढीन त्यातली खोली माझ्या नावावर कराल? दोघं मिळून? कागदावर?"

फरशीवाला घुटमळला. "दादाला विचारावं लागेल."

"मग विचारून ये."

तो निघाला. बाई म्हणाली, "गेला गं. परत यायचा नाही."

"येईल," धाकटी म्हणाली, "नाहीतर नाही येणार," आणि म्हाताऱ्याकडे वळली. "हं आजोबा, पुढचं दार कुठल्या बाजूला उघडायचंय?"